सकाळची जुनी मराठी गाणी एफएमवरून गेली कुठं? (सोलापूर)

कडकभाकरी_बाळीवेस

नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांत तीनदा लिहायला बसले आणि तीनदा पीठ मळायची वेळ झाली म्हणून उठले. आज पूर्ण करूनच उठते. हे विचारायला दुसरी जागा मला माहीत नाही.

बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत माझं कडक भाकरीचं केंद्र आहे. मला धरून पाच जणी. पहाटे साडेचारला चुली पेटतात आणि साडेसातला पुण्याच्या गाडीत पार्सल चढवायचं असतं. तेवढ्या तीन तासांत हात एकदाही कोरडा होत नाही. डाव्या अंगाच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी रेडिओ आहे. माझ्या मुलीनं त्याच्या काचेवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली होती, काटा हलला तर परत तिथंच आणता यावा म्हणून. बटणाच्या खाचेत पीठ बसून बसून ते आता नीट फिरतही नाही. फिरवायची गरजच कधी पडली नव्हती.

त्या रेघेवरच्या स्टेशनवर पहाटे अभंग लागायचे, सहाच्या सुमारास भावगीतं सुरू व्हायची आणि आठपर्यंत जुनी मराठी गाणी. मध्ये मध्ये एक दादा बोलायचे. सोलापूरचेच असणार, कारण "काय ओ, चहा झाला का नाही अजून?" हे बाहेरच्या माणसाला तसं म्हणता येत नाही. ते वेळ सांगायचे आणि आज कुठल्या भागात पाणी येणार तेही सांगायचे. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. "जोडभावी पेठ, आज तुमचा नंबर" असं कानावर पडलं की आमच्यातली अक्का हातातली भाकरी तव्यावर टाकून लेकीला फोन लावायला सांगायची.

दिवाळीनंतर एका सोमवारी हे सगळं गेलं. आदल्या दिवशी काही सांगितलं नाही, निरोप नाही. पावणेसहाला मी रेडिओ लावला तर हिंदी नवं गाणं, त्यानंतर दुसरं, मग जाहिरात आणि परत पहिलंच. मला वाटलं काटा हलला. बघितलं तर रेघेवरच होता. आता दिवसभर तेच. आठवड्यात एक गाणं इतक्यांदा ऐकलंय की थोरल्या मावशींना त्याचे शब्द पाठ झालेत, आणि मावशींना हिंदी येत नाही.

एके सकाळी नव्या निवेदिका म्हणाल्या, "बाहेर मस्त पाऊस आहे, छत्री घेऊनच निघा." दारात आमच्या भाकऱ्या उन्हात वाळत पडलेल्या. भाभी धावत बाहेर गेल्या आणि सगळ्या टोपल्या आत घेतल्या. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्या दिवशी मला कळलं की बोलणारं माणूस इथलं नाही.

कुणी म्हणेल फोनवर गाणी लावा. लावून बघितली. पिठाचा हात काचेवर चालत नाही. चुलीजवळ फोन तापतो. दोन गाणी झाली की जाहिरात येते, ती पुढं ढकलायला बोट लावावं लागतं. रेडिओला हात लावावा लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे.

आणखी एक गोष्ट लिहिते, ती फक्त भाकरी थापणारीलाच कळेल. भावगीताला हात सावकाश फिरतो. भाकरी मोठी होते, पातळ होते, कड आणि मध्य एकसारखा येतो. कडक भाकरीला तेच लागतं. आताच्या गाण्याचा ठेका धावतो, त्याच्यामागं हात धावतो आणि कड जाड राहते. जाड कड नीट वाळत नाही, वरून कुरकुरीत दिसते आणि आत ओल धरते. दिवाळीनंतर माझ्याकडं परत आलेला माल वाढलाय. सगळा दोष रेडिओवर टाकत नाही, थंडीचे दिवस आहेत, ऊनही कमी आहे. पण मी पाचही जणींचे हात रोज बघते, आणि ते बदललेत.

तर विचारायचं आहे ते असं. स्टेशनवाले एका रात्रीत गाणी का बदलतात? कुणी मागितलं होतं का? सोलापुरात पहाटे जुनी मराठी गाणी आता कुठं लागतात? आणि आमच्यासारख्यांनी कुणाला सांगितलं तर काही फरक पडतो का?

---

सातरस्ता_रिक्षा

ताई, नमस्कार. मीपण त्याच स्टेशनवर होतो, त्यामुळं तुमचं सगळं पटलं. सकाळी पहिली सवारी स्टेशनवरून घेतली की ते दादा आणि जुनी गाणी, असं माझं ठरलेलं होतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं उतरलेली माणसंपण म्हणायची, "आवाज वाढवा हो जरा."

पण खरं सांगायचं तर दहानंतर कॉलेजची पोरं बसतात तेव्हा तीच मला नवी गाणी लावायला सांगतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की सकाळ सकाळसारखी राहू द्यायची होती.

मी आता सकाळी आकाशवाणी लावतो. भक्तिगीतं असतात, सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. घड्याळ बघावं लागत नाही. विविध भारतीवर सकाळी जुनी हिंदी गाणी चांगली असतात. पण थट्टामस्करी करत सोबत करणारा माणूस तिथं नाही, तेवढी उणीव आहे.

---

माईकमागचा

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही. मी आठ वर्षं खासगी एफएममध्ये होतो, त्यातली तीन सोलापुरात. कुठल्या वाहिनीत ते सांगत नाही, कारण तिथं माझे मित्र अजून नोकरी करतात. जे माहीत आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट. गाणं निवेदक निवडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं दादांनी आज आपल्यासाठी हे लावलं. तसं नसतं. गाण्यांची यादी संगीत बघणारा विभाग ठरवतो आणि रोजचा क्रम सॉफ्टवेअर लावतं. प्रत्येक तासाचं एक 'क्लॉक' असतं: पहिलं गाणं नवं, दुसरं वर्षभरापूर्वीचं, मग जाहिराती, मग जुनं, असं. अगदी नव्या गाण्यांचा गट छोटा ठेवतात आणि तो तीन-चार तासांनी फिरून येतो. मावशींना शब्द पाठ झाले ते त्यामुळं. हे चुकून होत नाही. माणूस रेडिओ दिवसभर ऐकत नाही, वीस-पंचवीस मिनिटं गाडीत ऐकतो, आणि तेवढ्यात त्याला ओळखीचं गाणं मिळालंच पाहिजे, असा त्यामागचा हिशेब आहे. तुमच्यासारखं तीन तास सलग ऐकणारं माणूस त्या हिशेबात बसतच नाही. मी मीटिंगमध्ये हे दोनदा मांडलं होतं. सोलापूर कामाला बसून ऐकतं, गाडीत नाही, असं म्हणालो होतो. विड्या वळणाऱ्या बायका, शिलाईवाले, तुमच्यासारखी केंद्रं. उत्तर आलं की याला आकडा काय?

आकडा खरंच नव्हता. श्रोते मोजायची 'रॅम' नावाची पद्धत २००७ साली सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा मोठ्या शहरांत. लोकांकडं डायरी द्यायची आणि त्यांनी काय ऐकलं ते लिहायचं. सोलापुरात तशी डायरी कुणाच्या घरी आली नाही. मग मोठ्या शहरात जे चालतं तेच इथं चालेल असं धरतात.

दुसरी गोष्ट पैशाची. देशातलं पहिलं खासगी एफएम २००१ साली बंगळुरात सुरू झालं. आपल्यासारख्या शहरांकडं वाहिन्या वळल्या त्या २००५ च्या धोरणानंतर. सरकारनं लोकसंख्येवरून शहरांचे गट पाडले. सोलापूर 'क' गटात, म्हणजे तीन ते दहा लाख वस्तीच्या गावांत (२०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं). पुढं २०११ च्या धोरणात परवाना पंधरा वर्षांचा झाला. फी उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा सुरुवातीला भरलेल्या प्रवेश फीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ही ओळ नीट वाचा. धंदा बसला तरी अडीच टक्के चुकत नाहीत. त्यात टॉवरचं भाडं, वीज, गाण्यांची रॉयल्टी, माणसं. यातलं कमी करण्यासारखं एकच असतं, माणसं.

आणि ते कमी करायची वाट त्याच धोरणानं मोकळी केली. आधी एकच कार्यक्रम अनेक गावांत सोडायला बंधनं होती. २०११ नंतर कंपनीला आपल्या देशभरातल्या वाहिन्यांवर तो एकत्र चालवता येतो. एका शहरात बसलेली मुलगी दुपारीच बोलून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाच-सहा गावांत वाजतं. तिनं खिडकीतून पाऊस बघितला असेल ताई. तो तिच्या गावचा होता. तिला तुमच्या टोपल्या माहीत नाहीत, आणि तिला दोष देऊ नका, तिलाही कुणी सांगितलेलं नसतं. सामाईक कार्यक्रमात वेळ सांगता येत नाही आणि पाण्याचा नंबरही. म्हणून ते दोन्ही गेलं.

पाण्याचं सांगायला कायद्याची आडकाठी नव्हती, हेही लिहून ठेवतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात, तेवढंच. पण पाणी, वीज, वाहतूक, हवामान, परीक्षेचे निकाल हे त्या धोरणात बातमी धरलेलं नाही. स्थानिक प्रशासनानं दिलं की सांगता येतं. मी स्वतः रोज सकाळी पाण्याच्या वेळांसाठी फोन करायचो. कधी उचलायचे, कधी नाही, मग गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला विचारून खात्री करायचो. तेवढ्या एका वाक्यामागं अर्धा तास जायचा.

फरक पडतो का, असं विचारलंत. पूर्वी पडलेला आहे. १९५२ साली केसकर माहिती मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी भांडण केलं नाही, काटा फिरवून श्रीलंकेतून लागणाऱ्या रेडिओ सिलोनवर नेला. देशभर एवढे काटे फिरले की ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. पाच वर्षं लागली, पण लागली.

आज मात्र काटा फिरवलेला कुणाला दिसत नाही, कारण मोजतच नाहीत. दिसते ती फक्त जाहिरात. म्हणून तुम्ही गाव सोडून कंपनीला मेल कराल तर तो तिथंच राहील. इथल्या ऑफिसातल्या जाहिरातीच्या माणसाला जाहिरातदारानं सांगितलं, "माझं गिऱ्हाईक सकाळी अमुक ऐकतं, तिथंच मला जागा द्या", तर ते वर जातं.

---

कडकभाकरी_बाळीवेस

दादा, तुमचं सगळं आज सकाळी मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्ही पाचही जणींनी ऐकलं. पाण्याच्या एका वाक्यामागं अर्धा तास जायचा, हे ऐकून अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याला वाटायचं सहज सांगतेत." ते दादा तुम्हीच का, हे मी विचारत नाही. असाल तर आमच्या पाच जणींचा नमस्कार घ्या.

त्या मुलीबद्दल तुम्ही म्हणालात ते मनाला लागलं. मी तिच्यावर दोन दिवस चिडून होते. आता नाही.

जाहिरातीचं मात्र मला कळलं नाही. माझं केंद्र केवढं, मी काय जाहिरात देणार? आमचं गिऱ्हाईक तोंडोतोंडी येतं. कुणी दुकानदार इथं असतील तर त्यांनी सांगावं, रेडिओवर जाहिरात देताना कोणतं गाणं लागतं हे तुम्ही बघता का?

---

चाटीगल्ली

मी सांगतो वहिनी. चाटी गल्लीत आमचं कापडाचं दुकान, वडिलांपासूनचं. दर वर्षी दोन हंगाम रेडिओवर जाहिरात द्यायचो. एक दिवाळी, दुसरा गड्ड्याची यात्रा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की जिल्ह्यातली आणि कर्नाटकातली माणसं शहरात येतात, ती चादर-टॉवेल घेतल्याशिवाय परतत नाहीत. त्या आठवड्यात रेडिओवर दुकानाचं नाव गेलं की लोक "रेडिओवर ऐकलं" म्हणत यायचे. वहीत मी तसं लिहून ठेवायचो, नावापुढं 'रे'.

गेल्या वर्षीपासून जाहिरात बंद केली. दोन कारणं. एक म्हणजे मला म्हणाले, पाच शहरांचं पॅकेज घ्या, स्वस्त पडेल. माझं दुकान एका गल्लीत आहे, नांदेडच्या माणसाला ऐकवून मी काय करू? दुसरं म्हणजे मुलानं फोनवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली.

तुम्ही विचारलंत, गाणं बघता का. नाही बघितलं कधी. दहा सेकंदांचा दर, किती वेळा वाजणार आणि कुठल्या तासाला, एवढंच बघायचो. आज तुमचं वाचून वही काढली. 'रे' लिहिलेली बहुतेक गिऱ्हाइकं चाळिशीच्या पुढच्या बायका आहेत आणि बऱ्याच जणी सकाळीच ऐकलेलं सांगत आल्यात. म्हणजे तुमच्यासारख्याच. मी त्यांच्यापर्यंत पोचत होतो आणि ते मला माहीत नव्हतं.

यंदा गड्ड्याच्या आधी मी जाहिरात द्यायला तयार आहे. पण सोलापूरपुरती आणि सकाळच्या जुन्या मराठी गाण्यांतच. तसं लेखी देतो. गल्लीतल्या अजून दोघा-तिघांशी बोलतो.

---

पूर्वभाग_अक्कलकोटरोड

सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच एक वेगळं लिहितो.

आमचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. आई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी असते, त्यामुळं तिचाही हात थांबत नाही आणि तिच्याही सुपाशेजारी रेडिओ असायचा. पण तुम्ही म्हणता ती जुनी मराठी गाणी लागायची तेव्हाही तो रेडिओ तिच्या भाषेत बोलत नव्हता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. त्या दिवशी तरी एखादं तेलुगू गाणं लागेल म्हणून आई वाट बघायची. कुठल्याच खासगी स्टेशनवर लागलेलं मला आठवत नाही. आता ती माझ्या जुन्या फोनवर तेलुगू गाणी ऐकते. जाहिरात आली की मला हाक मारते, मी येऊन ती काढतो आणि जातो. मी कॉलेजात असेन तर ती जाहिरातच ऐकत बसते.

म्हणून माझी विनंती एवढीच. पत्र देणार असाल तर फक्त 'जुनी मराठी' एवढंच मागू नका. सोलापूर मागा. इथं तेलुगू आहे, कन्नड आहे, दखनी आहे. पुण्यात बनवलेली मराठी यादी इथं लावली तरी ती बाहेरचीच राहील.

---

माईकमागचा

दादा, बरोबर आहे तुमचं. आम्ही एकदा रथाच्या दिवशी दोन तेलुगू गाणी लावायची परवानगी मागितली होती. लायब्ररीतच नव्हती. मागवायला वेळ लागला आणि दिवस निघून गेला. पुढच्या वर्षी मी तिथं नव्हतो.

वर लिहायचं राहिलं ते एक. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातली बार्शी आहे, जवळचं लातूर आहे. या नव्या गावांसाठी फी सरळ उत्पन्नाच्या ४ टक्के ठेवली, अडीच टक्क्यांचा तो दुसरा काटा काढला. निर्णयात मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांचाच मुद्दा पुढं केला होता. आणि जुन्या वाहिन्यांनी २०१५ ला परवाने बदलून घेतले, त्यांची पंधरा वर्षं २०३० ला भरतात. म्हणजे पुढची तीन-चार वर्षं या लोकांना गावात काय चालतं याचा विचार करावाच लागणार आहे. आत्ता लिहिलेलं पत्र वाया जाणार नाही.

---

रेडिओदुरुस्ती_नवीपेठ

गाण्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, यंत्राबद्दल म्हणायचंय. ताई, तुमच्या केंद्रावर पत्रा आहे का? असेल तर आत आकाशवाणी खरखर करेल आणि तुम्ही वैतागून बंद कराल. एफएमची लाट सरळ रेषेत येते, पत्र्यातून आत येत नाही. तुमच्या जुन्या स्टेशनचा जोर तिथं चांगला असेल म्हणून आजवर जाणवलं नाही.

साधी वायरची तार घ्या, ७५ सेंटीमीटर, मोजून. एफएमची लाट साधारण तीन मीटरची असते, तिचा चौथा हिस्सा. एका टोकाचं प्लास्टिक सोलून रेडिओच्या एरियलला घट्ट गुंडाळा आणि बाकीची तार खिडकीबाहेर उभी सोडा. आडवी नको. पत्र्याला टेकू देऊ नका. खिडकी लांब असेल तर तार वाढवू नका, रेडिओच खिडकीजवळ न्या.

बटण पिठानं बसलंय म्हणालात. तेल घालू नका, पीठ आणखी धरेल. दुकानात आणा, ब्रशनं साफ करून देतो, पैसे नकोत. नवा सेट घ्यायच्या भानगडीत पडू नका, असा दणकट आता मिळत नाही. आणि फोनवर रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी: बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम येतच नाही. ज्यात आहे त्यातल्या बहुतेकांत वायरचा हेडफोन लावावा लागतो, त्याची वायरच एरियल असते. २०२३ साली केंद्र सरकारनं फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवायचा सल्ला दिला होता, म्हणून फोन घेताना दुकानात लावून बघा.

---

कडकभाकरी_बाळीवेस

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, लग्नाची मोठी ऑर्डर होती.

पत्राच आहे काका. तार लावली. मिठाची बरणी सरकवली आणि रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर नेला. बटण तुमच्याकडं साफ करून आणलं, आता दोन बोटांनी फिरतं. मुलीनं काचेवर दुसरी रेघ ओढली, हिरवी. लाल तशीच ठेवलीय, मीच पुसू नको म्हणाले. सकाळी आकाशवाणी स्वच्छ लागते. रिक्षावाले दादा, तुम्ही म्हणालात तसं सात दहाला बातम्या सुरू झाल्या की शेवटची चवड बांधायला घ्यायची, असं आता ठरलंय. जुनी गाणी तिथं रोज सलग दोन तास नाहीत, पण आहेत.

पूर्व भागातल्या दादा, तुमचं लिहिलेलं वाचताना थोरल्या मावशी म्हणाल्या, "माझ्या तरी भाषेत कधी बोलला ओ?" मावशींच्या घरात कन्नड आहे. वीस वर्षं त्या माझ्याशेजारी बसून मराठी गाणी ऐकत होत्या आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणतं आवडतं. त्या दिवशी विचारलं. त्यांनी लहानपणची एक वचनाची चाल म्हणून दाखवली, बसवण्णांची. हात थापत होते आणि त्या म्हणत होत्या, सावकाश, भाकरी अगदी पातळ येत होती. तुमच्या आईंनाही कोणतं गाणं हवंय ते विचारून कळवा, पत्रात त्याच नावानं लिहिते.

पत्र आम्ही परवा रात्री लिहिलं. माईकमागच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ते स्टेशनच्या इथल्याच ऑफिसात द्यायचंय. मोठं केलं नाही. चार गोष्टी मागितल्यात. पहाटे साडेपाच ते आठ सोलापुरात बसलेलं माणूस बोलू दे. त्यानं वेळ सांगावी. पाण्याचा नंबर सांगावा. आणि गाणी इथल्या सगळ्या भाषांतली, सकाळच्या चालीची. खाली आम्ही कोण आणि किती तास ऐकतो ते लिहिलंय, कारण त्यांच्याकडं तो आकडा नाही: आमच्या गल्लीतली चार भाकरी केंद्रं, एकूण एकोणीस बायका, रोज तीन तास. शिलाईवाल्या दोघी आणि पिठाची गिरणीवाले अण्णा आपणहून आले, त्यांनीही सही केली. अक्काला लिहिता येत नाही, तिनं अंगठा दिला आणि शेजारी 'जोडभावी पेठ' असं माझ्याकडून लिहून घेतलं, म्हणजे पाण्याचा नंबर सांगताना विसरायला नको.

चाटी गल्लीवाले दादा, तुमचं जाहिरातीचं पत्र आमच्या पत्राला जोडूनच द्यायचं आहे. तुमच्या वहीतल्या 'रे'च्या पानांची झेरॉक्स मिळाली तर फार बरं होईल. सोमवारी पार्सल गाडीत घातलं की मी मोकळी. दुकान किती वाजता उघडतं तेवढं कळवा, सही घ्यायला मीच येते.